जिवाणूचं नाव आणि जिवाणूचं काम

टोमॅटोचं झाड सकाळी टवटवीत असतं. दुपारी माना टाकतं, संध्याकाळी थोडं सावरतं आणि चार-सहा दिवसांत हिरवंच्या हिरवं सुकून जातं. पानांवर डाग नाहीत, कीड नाही, पाण्याची ओढ नाही. अशा झाडाचं खोड जमिनीलगत कापा आणि तो तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात, कापलेलं टोक खाली करून, न हलवता धरा. काही मिनिटांत त्या टोकातून दुधट धागे खाली उतरू लागतात. उदबत्तीचा धूर उलटा पडावा तसे. त्या धाग्यांत असंख्य जिवाणू असतात आणि त्यांनीच झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवलेल्या असतात.

या जिवाणूचं प्रचलित नाव राल्स्टोनिया सोलानासिॲरम. १८९६ साली अर्विन स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला बॅसिलस म्हटलं होतं. १९१४ मध्ये तो स्यूडोमोनास झाला आणि पाऊणशे वर्षांहून अधिक काळ त्याच घरात राहिला. १९९२ मध्ये त्याची रवानगी बर्कहोल्डेरियात झाली, तिथे जेमतेम तीन वर्षं काढली आणि १९९५ मध्ये राल्स्टोनिया हे नवं बिऱ्हाड मिळालं. २०१४ मध्ये तर एकाचे तीन झाले. एवढ्या काळात जिवाणूच्या वागण्यात फारसं काही बदललं नव्हतं. तो तेव्हाही झाडं मारत होता आणि आताही मारतो.

विद्यार्थी या नामांतरांना वैतागतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण हा नुसता शास्त्रज्ञांचा चाळा नाही. जिवाणूबद्दल आपल्याला दोन वेगळे प्रश्न पडतात: तो कोणाचा कोण, आणि तो झाडाला काय करतो? दोन्हींची उत्तरं एकच असतील असं शंभर वर्षं गृहीत धरलं गेलं. ती एक नाहीत, हे कळत गेलं तशी नावं हलत गेली.

मुळात जिवाणू झाडाला आजारी पाडतो का?

आज हा प्रश्न विचित्र वाटेल. माणसांचे आणि जनावरांचे रोग जिवाणूंमुळे होतात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटलं होतं, पण झाडांच्या बाबतीत मोठमोठ्या लोकांचा विश्वास बसत नव्हता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले थॉमस बरिल यांनी १८८० च्या सुमारास नासपतीच्या एका रोगामागे जिवाणू असल्याचं दाखवलं. त्या रोगात फांद्या आगीने होरपळल्यासारख्या काळ्या पडतात. जोसेफ आर्थर यांनी १८८५ मध्ये काटेकोर प्रयोग करून त्याला दुजोरा दिला. तरी जर्मनीतले आल्फ्रेड फिशर ठामपणे सांगत राहिले की वनस्पतीची पेशी जाड भिंतीच्या आत बंद असते, जिवाणू तिथे शिरणार कसा? जे दिसतात ते मेलेल्या भागावर नंतर जमलेले. अर्विन स्मिथ आणि फिशर यांच्यातली शतकाच्या वळणावरची ही वादावादी बरीच कडवट होती. शेवटी पुरावा स्मिथच्या बाजूने गेला.

फिशर हरले, पण त्यांची शंका अगदीच टाकाऊ नव्हती असं मला वाटतं. झाडांवर रोग करणारे बहुतेक जिवाणू खरोखरच पेशीची भिंत फोडून आत शिरू शकत नाहीत. बुरशीसारखं भोक पाडायचं हत्यार त्यांच्याकडे नसतं. ते उघड्या दारातून येतात: पानांवरची श्वासाची छिद्रं म्हणजे पर्णरंध्रं, पानाच्या कडेला पाण्याचे थेंब बाहेर टाकणारी जलरंध्रं, छाटणीच्या, गारपिटीच्या किंवा किडीने केलेल्या जखमा. आत आल्यावरही ते बहुधा पेशींच्या मधल्या पोकळ्यांत किंवा नळ्यांत राहतात. शत्रू घराच्या भिंतींमधल्या बोळात मुक्काम ठोकून बसतो आणि तिथून आतल्यांना जेरीस आणतो.

बोळ, नळ आणि नाडी

वर्गीकरणाची पुस्तकं नावांपासून सुरू होतात. मी पत्त्यापासून सुरू करतो, कारण जिवाणू झाडात कुठे राहतो यावर रोग कसा दिसणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

पानाच्या आत पेशींमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. तिथे जिवाणू वाढले की पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरतं आणि त्या जागेतून उजेड वेगळा दिसतो. म्हणून जिवाणूच्या डागाची पहिली खूण म्हणजे तेल किंवा पाणी पडल्यासारखा अर्धपारदर्शक ठिपका. पसरताना त्याला शिरा अडवतात, त्यामुळे शिरांच्या जाळीत अडकलेला डाग कोनाकोनांचा होतो. बुरशीचे डाग बहुधा गोलसर वाढतात. हा फरक पक्का नियम नाही, पण पान हातात असताना पहिला अंदाज बांधायला पुरतो.

दुसरा पत्ता पाणी वाहणाऱ्या नळ्यांचा. इथे राहणारे चिकट लाळ सोडतात, नळ्या तुंबतात आणि मुळाशी ओल असूनही झाड तहानेने मरतं. राल्स्टोनिया यातलाच. झायलेला फॅस्टिडिओसा हाही नळ्यांतला रहिवासी, पण तो स्वतःहून झाडात शिरत नाही. नळीतला रस शोषणारे किडे त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. द्राक्षवेलींवरचा त्याचा रोग न्यूटन पिअर्स यांनी कॅलिफोर्नियात १८९२ मध्ये नोंदवला होता, पण कारण सापडायला दशकं गेली आणि जिवाणूला आजचं नाव मिळायला १९८७ साल उजाडलं. ‘फॅस्टिडिओसा’ म्हणजे नखरेल. प्रयोगशाळेतल्या साध्या खाद्यावर तो वाढतच नाही, हे त्या नावामागचं कारण. २०१३ मध्ये तो इटलीतल्या पुलिया भागात जैतुनाच्या बागांमध्ये सापडला आणि शतकानुशतकं उभी असलेली झाडं वाळायला लागली.

तिसरा पत्ता अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांचा. साखर इथूनच फिरते. इथले रहिवासी झाडाला सहसा लगेच मारत नाहीत, त्याचं वागणं बिघडवतात. झाड खुरटतं, पिवळं पडतं, नको तिथे फुटवे काढतं.

आणि चौथा पत्ता म्हणजे झाडाचं अंगण: पानाची वरची कातडी आणि मुळांभोवतीची माती. इथे गर्दी सर्वांत जास्त आणि गुन्हेगार सर्वांत कमी. बहुतेक जण झाडातून झिरपणाऱ्या साखरेवर गुजराण करतात आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. काही जण उपयोगीही पडतात. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स मुळांभोवतीचं लोह पटकावून रोगट बुरशीला उपाशी ठेवतो आणि तिला मारणारी रसायनंही सोडतो. त्याचा चुलतभाऊ स्यूडोमोनास सिरिंगी मात्र पानांवर ठिपके पाडतो. त्याच्या काही वाणांच्या अंगावर असं प्रथिन असतं की त्याभोवती पाण्याचे रेणू बर्फासारखे रचले जातात. स्वच्छ पानावरचं पाणी शून्याच्या खाली काही अंश जाऊनही गोठायचं टाळतं. हा जिवाणू असेल तर उणे दोन-तीन अंशांतच बर्फ होतो, पेशी फुटतात आणि जिवाणूला आत जायला वाट मिळते. याच प्रथिनाच्या जोरावर मृत सिरिंगीची पूड बर्फावरच्या खेळांसाठी कृत्रिम हिम बनवायला वापरतात. रोग करणाऱ्याला असाही रोजगार मिळतो.

रंग, भिंत आणि चिकट तार

आता नावांकडे. जिवाणू दिसायला कमालीचे सारखे असतात. एक ते तीन मायक्रॉन लांबीच्या काड्या, काहींना शेपट्या. हत्ती आणि उंदीर वेगळे करणं सोपं, दोन काड्यांमध्ये भेद कसा करणार? पहिला मोठा भेद १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांच्या रंगाने हाती आला. ज्यांची भिंत जाड ते जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्राम-पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ आणि तिच्यावर आणखी एक पडदा असतो ते रंग सोडतात, ते ग्राम-निगेटिव्ह.

रंगही नको असेल तर एक साधी युक्ती आहे. काचपट्टीवर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब घ्यायचे, त्यात जिवाणूंची थोडी वाढ कालवायची आणि काडी हळूच वर उचलायची. तार सुटली तर ग्राम-निगेटिव्ह, नाही सुटली तर पॉझिटिव्ह. क्षारामुळे पातळ भिंत फुटते, आतला डीएनए बाहेर येतो आणि पाक तारेवर यावा तसं ते मिश्रण चिकट होतं. काही सेकंदांत निकाल.

झाडांवर रोग करणारे बहुसंख्य जिवाणू तार सोडणारे असतात: झँथोमोनास, स्यूडोमोनास, राल्स्टोनिया, अर्विनिया, पेक्टोबॅक्टेरियम. तार न सोडणारे मोजकेच. टोमॅटोचा नासूर करणारा क्लॅव्हिबॅक्टर त्यांतला, आणि बटाट्याच्या सालीवर खरबरीत खवले आणणारा स्ट्रेप्टोमायसीसही. पण स्ट्रेप्टोमायसीस म्हणजे औषधांची खाणच. स्ट्रेप्टोमायसिन याच घराण्यातल्या एका भावाने दिलं. एकाच घरात सालीवर खवले आणणारा आणि रोगावर औषध देणारा. हा योगायोग पुढे इतक्यांदा भेटतो की तो योगायोग राहत नाही.

तिसरा गट आहे बिनभिंतीचा. त्यांच्याकडे नंतर येतो, कारण त्यांची गोष्ट वेगळी आहे.

डाळिंबाचा तेल्या आणि लिंबाचा खैऱ्या

झँथोमोनास हे घराणं पिवळ्या रंगावरून ओळखू येतं. खाद्यावर वाढवलं की गुळगुळीत, मधाळ पिवळ्या वसाहती येतात. ती चिकट लाळ म्हणजे झँथन गम. सॉस आणि आइस्क्रीम दाट करायला उद्योग हीच लाळ वापरतात, आणि ती बनवणारा जिवाणू म्हणजे कोबीची काळी कूज करणारा झँथोमोनास कँपेस्ट्रिस.

या घराण्यात एकेकाळी नावांचा पूर आला होता. रीत अशी होती की नव्या पिकावर पिवळा जिवाणू सापडला की त्याला नवी प्रजाती ठरवायचं. कोबीवरचा एक, घेवड्यावरचा दुसरा, कापसावरचा तिसरा. विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत शंभराहून जास्त प्रजाती जमल्या. प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांतल्या बहुतेकांत कसलाच फरक सापडेना. फरक फक्त ते कुठल्या पिकावर सापडले याचा.

१ जानेवारी १९८० पासून जिवाणूंच्या नावांची नवी अधिकृत यादी अमलात आली. ज्या नावांमागे पुरेसा पुरावा नाही ती गळणार होती. झाडांचे डॉक्टर घाबरले: झँथोमोनासची बहुतेक नावं गळली तर कोबीचा जिवाणू आणि लिंबाचा जिवाणू वेगळे सांगायचे कसे? तोडगा निघाला ‘पॅथोव्हार’. प्रजाती एकच माना, पण तिच्या खाली, ती कोणत्या झाडावर कोणता रोग करते यावरून एक कामाचं नाव लावा. आडनाव कुळाचं, पुढची उपाधी धंद्याची. दोन प्रश्नांची दोन उत्तरं इथे पहिल्यांदा अधिकृतपणे वेगळी लिहिली गेली. मला तरी हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, जरी तो अडचणीतून सुटका म्हणून घेतला होता.

त्या वेळी जवळपास सगळेच झँथोमोनास कँपेस्ट्रिसमध्ये कोंबले गेले. पुढे डीएनएची तुलना शक्य झाली आणि १९९५ मध्ये ते गाठोडं सोडून साऱ्या घराण्याच्या मिळून वीस प्रजाती ठरवल्या. त्यात गंमत झाली. डाळिंबावर तेल्या आणणारा जिवाणू आणि लिंबावर खैऱ्या आणणारा जिवाणू आज एकाच प्रजातीत मोडतात, झँथोमोनास सिट्राय. कापसाच्या पानांवर कोनाकोनांचे ठिपके पाडणारा आणि आंब्यावर काळे डाग आणणारा हेही तिथेच. सगळे सख्खे भाऊ, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. लिंबाचा भाऊ डाळिंबाला हात लावत नाही.

गिऱ्हाईक सोडाच, एकाच पिकात खोलीही वेगळी असू शकते. भातावर झँथोमोनास ओरायझी नावाच्या एकाच प्रजातीचे दोन पॅथोव्हार आहेत. पहिला पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून शिरतो आणि थेट पाण्याच्या नळीत जातो, म्हणून पान कडेने वाळत येतं; त्याला कडा करपा म्हणतात ते यामुळेच. दुसरा पर्णरंध्रातून शिरतो, पेशींमधल्या बोळात राहतो आणि शिरांमध्ये बारीक उभ्या रेषा उमटवतो. कुळ एक, पीक एक, पत्ता वेगळा आणि म्हणून रोग वेगळा.

कडा करप्याचा जिवाणू आत काय करतो हेही सांगण्यासारखं आहे. त्याच्याकडे पिचकारीसारखी एक यंत्रणा असते. तिच्यातून तो आपली प्रथिनं थेट भाताच्या पेशीत टोचतो. त्यांतली काही पेशीच्या केंद्रकात जातात, भाताच्या डीएनएवरची ठरावीक जागा शोधून तिथे बसतात आणि साखर बाहेर सोडणाऱ्या जनुकाचं बटण दाबतात. भाताची पेशी स्वतःच्या हाताने जिवाणूला साखर वाढू लागते. काही भाताच्या वाणांत त्या जागेची अक्षरं थोडी वेगळी असतात. प्रथिनाला बसायला जागा मिळत नाही, बटण दाबलं जात नाही, वाण रोगाला दाद देत नाही. रोगप्रतिकार म्हणजे दर वेळी शत्रूशी झुंज असते असं नाही. कधी कधी फक्त कुलूप बदललेलं असतं.

हीच पिचकारी ओळखीसाठीही वापरता येते. १९६३ मध्ये झोल्तान क्लेमेंट यांनी दाखवलं की रोग करणारे स्यूडोमोनास तंबाखूच्या पानात टोचले तर चोवीस तासांच्या आत ती जागा मरून कागदासारखी होते. तंबाखूवर एरवी त्यांचा रोग होतही नाही. झाड परकी पिचकारी ओळखतं आणि आजूबाजूच्या पेशींना मरू देऊन शत्रूला कोंडतं. निरुपद्रवी जिवाणू टोचले तर काहीच होत नाही. या चाचणीत जिवाणूचं नाव कळत नाही. हा रोग करू शकेल का, एवढंच कळतं.

गाठ बांधणारे दोन भाऊ

माझं सर्वांत आवडतं उदाहरण मुळांवरच्या गाठींचं. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी शेतकऱ्याला सुखावतात: आत रायझोबियम राहतो, हवेतला नत्र झाडाला देतो, बदल्यात साखर घेतो. गुलाब, द्राक्ष किंवा फळझाडाच्या बुंध्याशी येणारी ओबडधोबड गाठ मात्र दुखणं असतं. स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये त्यामागचा जिवाणू शोधला. पुढे त्याचं नाव ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेसियन्स झालं.

चाळीसच्या दशकात आर्मिन ब्राउन यांनी एक चमत्कार दाखवला: गाठीतून जिवाणू पूर्ण काढून टाकले तरी गाठ वाढतच राहते. म्हणजे जिवाणू पेशीत काहीतरी कायमचं ठेवून गेला होता. १९७४ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात तो गुपित ठेवा सापडला, डीएनएचं एक मोठं वर्तुळ, म्हणजे प्लाझ्मिड. १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की त्या प्लाझ्मिडचा एक तुकडा झाडाच्या पेशीत कायमचा जाऊन बसतो. तुकड्यावर दोन प्रकारचे आदेश असतात. पहिला: वाढीची संप्रेरकं बनव, म्हणून गाठ. दुसरा: ओपाइन नावाचे पदार्थ बनव, जे ॲग्रोबॅक्टेरियम खाऊ शकतो आणि इतर बहुतेकांना पचत नाहीत. झाडाच्या आत स्वतःचं खासगी स्वयंपाकघर उघडायची ही पद्धत. माणसाने आदेश काढून त्या जागी हवं ते जनुक घातलं आणि १९८३ पर्यंत जनुक बदललेली पहिली झाडं तयार झाली.

आता नावाचा घोळ बघा. ॲग्रोबॅक्टेरियमच्या प्रजाती जुन्या काळी कामावरून पाडल्या होत्या. गाठ करतो तो ट्युमेफेसियन्स, केसाळ मुळं फुटवतो तो रायझोजिनिस, काहीच करत नाही तो रेडिओबॅक्टर. पण काम तर प्लाझ्मिडवर लिहिलेलं! काही वाण ३६-३७ अंश सेल्सिअसला वाढवले तर ते प्लाझ्मिड टाकून देतात. मग ताप आल्यावर ट्युमेफेसियन्सचा रेडिओबॅक्टर झाला म्हणायचं? उलटही घडतं. ॲलन कर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की गाठीच्या आत रोग करायची क्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्या निरुपद्रवी जिवाणूकडे जाऊ शकते. ती उसनी देता-घेता येते.

आणि रायझोबियमची नत्राची कला? अनेक रायझोबियममध्ये तीही प्लाझ्मिडवरच असते. दोघांचा मूळ डीएनए ताडून पाहिला तर ते एकाच कुळातले निघतात. २००१ मध्ये काही वर्गीकरणकारांनी ॲग्रोबॅक्टेरियम हे नावच मोडीत काढून सगळ्यांना रायझोबियममध्ये घालायचा प्रस्ताव मांडला. बऱ्याच संशोधकांनी तो मानला नाही, अजूनही दोन्ही नावं चालतात. झाडाला जेवू घालणारा आणि झाडाकडून जेवण उकळणारा यांच्यातली भिंत केवढी पातळ आहे ते या भांडणातून कळतं.

उमेदवार

आता बिनभिंतीचे. वांग्याचं झाड झुडपासारखं होतं, पानं इवलीशी, गुच्छागुच्छाने येतात आणि फळ धरत नाही. तिळाच्या फुलांच्या जागी हिरवी पानं येतात. अशा रोगांना १९६७ पर्यंत विषाणूजन्य समजत. तुडतुडे ते पसरवतात, बारीकशा गाळणीतून रोगकारक पार होतो, खाद्यावर काही वाढत नाही. सगळी लक्षणं विषाणूचीच. त्या वर्षी जपानमध्ये दोई आणि सहकाऱ्यांनी खुरटलेल्या तुतीचे छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितले आणि अन्नरसाच्या नळ्यांत त्यांना बेढब फुगे दिसले. भिंत नसलेले जिवाणू. टेट्रासायक्लिन दिल्यावर झाडं तात्पुरती सुधारली. विषाणूवर हे औषध चालत नाही. पेनिसिलिन मात्र चाललं नसतं, कारण ते भिंत बांधणं थांबवतं आणि इथे भिंतच नाही.

त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. जिवाणूला रीतसर नाव द्यायचं तर त्याची शुद्ध वाढ जमा करावी लागते, आणि हे तर नळीबाहेर तग धरत नाहीत. म्हणून त्यांच्या नावाआधी ‘कँडिडेटस’ हा शब्द लावतात. लॅटिनमध्ये अर्थ उमेदवार. २००४ पासून ‘कँडिडेटस फायटोप्लाझ्मा’ असं लिहायची पद्धत रूढ झाली. लिंबूवर्गीय फळबागा उद्ध्वस्त करणारा, सायला किडीतून पसरणारा लिबरिबॅक्टरही असाच उमेदवार. दोन तपांहून जास्त काळ उमेदवारीच चालू आहे आणि नुकसान मात्र निवडून आल्यासारखं.

फायटोप्लाझ्माकडे झाडाला भुलवणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक फुलाचं पान करतं आणि वर झाड तुडतुड्यांना जास्त हवंहवंसं वाटू लागतं, म्हणजे जायला वाहनही तयार. नाताळच्या दिवसांत दिसणारी लाल पानांची पॉइन्सेटिया कुंडीत भरगच्च, बुटकी आणि फांद्यांनी डवरलेली दिसते ना? तो डवर फायटोप्लाझ्मामुळे असतो. निरोगी झाड उंच, विरळ वाढतं आणि त्याला कुंडीत कुणी विचारत नाही. इथे रोग हीच शोभा.

अक्षरं मोजणारे

आजचं वर्गीकरण डीएनएच्या अक्षरांवर चालतं. आधी सगळ्या जिवाणूंत असणारं, सुमारे दीड हजार अक्षरांचं एक जनुक वाचायचे. ते इतकं सावकाश बदलतं की दूरचं नातं त्यातून छान कळतं, पण सख्ख्या भावांमध्ये फरक करायला ते अपुरं पडतं. आता पूर्ण डीएनए वाचता येतो. झाडांवर रोग करणाऱ्या जिवाणूंमध्ये हा मान पहिल्यांदा मिळाला झायलेलाला, २००० मध्ये ब्राझीलमध्ये. दोन जिवाणूंची सामाईक अक्षरं सरासरी ९५-९६ टक्क्यांहून जास्त जुळली तर एक प्रजाती, असा ढोबळ संकेत आहे. निसर्गात ही रेघ कुठे आखलेली नाही, माणसाने सोयीसाठी आखली आहे.

या मापाने जुनी गाठोडी सुटली. अर्विनियात एकेकाळी कूज करणारे, होरपळवणारे, सगळेच भरले होते. नासपतीच्या फांद्या होरपळवणारा तिथेच राहिला. भाज्या सडवणारे पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया म्हणून बाहेर पडले. पेक्टोबॅक्टेरियमची एक सवय मला फार आवडते: तो रासायनिक संदेशांतून आपली गर्दी मोजतो आणि पुरेसे साथीदार जमेपर्यंत पेशींना एकमेकींशी सांधणारा गारा विरघळवणारी रसायनं सोडत नाही. एकट्याने आवाज केला तर झाड जागं होईल.

राल्स्टोनियाचं त्रिभाजनही असंच झालं. त्याचे जगभरचे वाण चार शाखांत पडतात. आशियातून आलेली आणि आफ्रिकेतली शाखा मिळून राल्स्टोनिया स्यूडोसोलानासिॲरम झाली, इंडोनेशियाची शाखा राल्स्टोनिया सिझिगी झाली, आणि मूळ नाव अमेरिकी शाखेकडे राहिलं. थंडी सोसणारा, बटाटा आतून तपकिरी कुजवणारा वाण याच अमेरिकी शाखेत आहे आणि त्याच्यासाठी अनेक देश बियाण्याची सीमेवर तपासणी करतात. कायद्यात जुनं नाव लिहिलेलं असेल तर आता नेमकं कोणाला अडवायचं, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ पुस्तकी राहत नाही.

शेतातही ओळख चुकली की पैसे आणि वेळ वाया जातात. बुरशीनाशक जिवाणूवर सहसा चालत नाही. तांब्याची औषधं पानावरच्या जिवाणूला मारतात, नळीत बसलेल्याला पोहोचत नाहीत, आणि सतत मारली तर तांबं पचवणारे वाण उरतात. स्ट्रेप्टोमायसिनचं तेच झालं. होरपळीच्या अर्विनियाने त्याला दाद देणं कॅलिफोर्नियात १९७१ मध्येच थांबवलं होतं.

आणि बुंध्याच्या गाठीवर? तिथे एका जिवाणूनेच वाट दाखवली. ॲलन कर यांनी ऑस्ट्रेलियात के-८४ नावाचा वाण शोधला. लावणीआधी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवली की तो जखमांवर आधी जागा धरतो आणि ॲग्रोसिन नावाचं विष सोडून गाठ करणाऱ्या अनेक भावांना मारतो. स्वतः तो गाठ करत नाही, म्हणून त्याचं नाव होतं ॲग्रोबॅक्टेरियम रेडिओबॅक्टर, काहीच न करणारा. बाटल्यांवर अजून हेच नाव दिसतं. डीएनए वाचल्यावर मात्र तो बसला रायझोबियम रायझोजिनिसमध्ये, म्हणजे केसाळ मुळांचा रोग फुटवणाऱ्या प्रजातीत.